बोटीवरून, चि. निखिलला

हार्स्टाड सोडल्यावर, दक्षिणेकडे येताना

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

निघायच्या आधी तू फोनवर दोन प्रश्न विचारलेस. 'नॉर्वेच का?' आणि 'बाबांना सोडून का?' पहिल्याचं मी थातुरमातुर उत्तर दिलं. दुसऱ्याच्या वेळी नंदामावशीचा फोन मध्येच आला आणि प्रश्न राहून गेला. तू बहुतेक मुद्दामच पुन्हा विचारला नाहीस. आज सवड आहे. सकाळी हार्स्टाड सोडलं, आता बोट बेटांमधल्या अरुंद पाण्यातून चाललीय आणि पाणी इतकं संथ आहे की कपातला चहासुद्धा हलत नाही. विद्यामावशी डेकवर फेऱ्या मारतेय, शुभदामावशी आडवी झालीय, नंदामावशी कॅफेत बसून कॉन्ट्रीचा हिशेब लावतेय. व्हॉट्सॅपवर एवढं लिहिलं तर तू खाली अंगठा टाकून मोकळा होशील, म्हणून कागद घेतलाय.

तसं पत्र लिहायला याहून योग्य जागा नाही, कारण ही बोट मुळात टपालाचीच. १८९३ साली रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने त्रोनहाइमहून हामरफेस्टपर्यंत वाफेच्या बोटीची नियमित फेरी सुरू केली. त्याआधी मध्य नॉर्वेतून हामरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागत. सगळा किनारा खडकांनी भरलेला, दिवे मोजके, त्यात हिवाळ्याचा काळोख. रात्रीची बोट न्यायला बाकी कुणी तयार होईना. विथ आणि त्याच्या वाटाड्याने मात्र या पाण्याच्या वह्या भरून ठेवल्या होत्या. कुठे कुठली दिशा धरायची, वेग किती ठेवायचा, किती वेळाने वळायचं, सगळं त्यात. त्या नोंदींच्या जोरावर तेच पत्र सात दिवसांत पोचायला लागलं.

त्या मार्गाला हुर्टिग्रूटन म्हणतात. आता दोन कंपन्यांच्या बोटी तो चालवतात. बर्गनहून निघायचं, ३४ बंदरं घेत रशियाच्या सीमेजवळच्या कीर्केनेसला जायचं आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन बारा दिवसांचा फेरा. वेळापत्रक असं आखलंय की जाताना झोपेत मागे पडलेली बरीच गावं येताना दिवसाढवळ्या लागतात. म्हणून 'अर्धीच फेरी करा आणि विमानाने परत या' असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

नंदामावशीला हे नकोच होतं. तिला ते जाहिरातीतलं मोठं जहाज हवं होतं, थिएटर, कॅसिनो, पोहायचा तलाव आणि कप्तानाबरोबर फोटो असलेलं. रीतसर मतदान झालं आणि ती तीन विरुद्ध एक अशी हरली. पहिल्या रात्री ती केबिनमधून बाहेर येऊन म्हणाली, 'अगं, इथे तर काहीच नाही.' खरंच काही नाही. आहे ती समुद्रावरची एसटी. पहाटे तीनला बंदर लागतं, खाली फोर्कलिफ्ट खोकी चढवते-उतरवते, एखादा माणूस हातात फुलझाडाची कुंडी घेऊन चढतो आणि पुढच्या गावी उतरतो. वर काचेच्या दिवाणखान्यात आपण पर्यटक म्हणून डोंगर बघत बसलेलो असतो आणि त्याला त्याचं काही पडलेलं नसतं. मला हे फार आवडलं. आपल्यासाठी मांडलेल्या देखाव्यात बसण्यापेक्षा दुसऱ्याच्या चालू संसारातून हळूच जाणं बरं वाटतं. नंदाचं मत अजून बदललेलं नाही, तेही नोंदवून ठेवते.

आता महिना. सप्टेंबरअखेरीस का, असं बाबाही विचारत होते. जूनमध्ये इथे सूर्य मावळतच नाही. अगदी उत्तरेच्या नॉर्थ केपला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो क्षितिजावर फिरत राहतो. पण मग रात्रच नाही, आणि रात्र नाही म्हणजे उत्तरेचा प्रकाश, आकाशातला तो अरोरा, दिसायचा नाही. डिसेंबरमध्ये प्रकाश दिसेल, पण ट्रॉम्सोला जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही, मग डोंगर कसले बघणार? सप्टेंबरच्या शेवटी दोन्ही पदरात पडतं. दिवसा बर्चची पिवळी झाडं आणि नुकतं भुरभुरलेलं बर्फ, रात्री पुरेसा काळोख. थंडीही बेताची. इतक्या उत्तरेला बाकी जगात समुद्र गोठतो, इथे अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह किनारा मोकळा ठेवतो. शुभदामावशीने भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलंय, तिला हे सांगताना कोण आनंद! विषुवदिनाच्या आसपास या अक्षांशावर दिवस रोज जवळजवळ नऊ मिनिटांनी लहान होतो, आपल्याकडे जेमतेम मिनिटभराने. तिने ते घड्याळ लावून पडताळून दाखवलं. आम्ही तिला बक्षीस म्हणून केक दिला आणि गप्प बसवलं.

पण तिचा एक प्रयोग तुला सांगायलाच हवा, कारण तो तू गच्चीवर करू शकतोस. हात पूर्ण लांब करून वीत ताणली की करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आकाशाचे साधारण २० अंश भरतात. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका आपला अक्षांश. म्हणजे महाराष्ट्रातून तो जेमतेम वीतभर वर. ट्रॉम्सोच्या पुढे डेकवर आम्ही चौघी हात लांब करून वीत वीत मोजत होतो. साडेतीन विती भरल्या आणि मान मोडायला आली. लहानपणी गोष्टीत ऐकलेला अढळपदावरचा ध्रुव डोक्यावर येऊन बसलेला पाहिला की पृथ्वी गोल आहे हे पुस्तकाबाहेर पहिल्यांदा कळतं. लोकमान्यांनी १९०३ साली वेदांतल्या उषेच्या ऋचांवरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ ठरवलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी ते मानलं नाही. तरी इथली लांबलेली पहाट बघताना, एका उषेचं इतकं कौतुक का केलं असेल, या त्यांच्या प्रश्नात मला दम वाटला.

उत्तरेचा प्रकाश दिसला का, हा तुझा पुढचा प्रश्न असणारच. दिसला. रात्री केबिनमधल्या स्पीकरवरून सांगतात, 'डाव्या बाजूला प्रकाश दिसतोय.' ते ऐकल्यावर आम्ही गाऊनवर जाकीट, पायात दोन दोन मोजे आणि डोक्याला शाल अशा अवतारात वर धावलो. वर सगळे तसेच, म्हणून लाज वाटली नाही. पहिल्यांदा मला नुसता राखाडी ढग दिसला. नंदा म्हणाली, 'यासाठी उठवलं?' तिने फोन वर धरला तर फोनमध्ये तो हिरवागार. प्रकाश मंद असला की आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, कॅमेरा मात्र थांबून तो गोळा करतो. मग तो वाढला आणि फोनची गरज उरली नाही. डोंगराआडून एक हिरवी पट्टी निघाली, डोक्यावर आली, तिला चुण्या पडल्या, खालची कड क्षणभर गुलाबी झाली आणि सगळं सरसरत दुसऱ्या टोकाला गेलं. आवाज काहीच नाही. सूर्याकडून आलेले कण शंभर-एक किलोमीटर उंचीवर प्राणवायूला धडकतात, त्याचा तो हिरवा. शुभदा या वेळी काही बोलली नाही. तिनेच नंतर ते जेवताना सांगितलं.

आता बाबांचं.

मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'थंडी, समुद्र आणि तुम्ही चौघी, यातलं एकही मला झेपणार नाही.' पण ते 'येतो' म्हणाले असते तरी मी ही सहल वेगळीच ठेवली असती. राग मानू नकोस. आपण सगळे कुठे गेलो की पासपोर्ट माझ्याकडे, गोळ्या माझ्याकडे, कुणी जेवलं नाही, कुणाची चप्पल चावतेय, रिक्षावाल्याला सुट्टे कुणी द्यायचे, सगळं माझ्याकडे. मला ते आवडतं. कुणी लादलेलंही नाही. पण तशा सहलीत मी फक्त जागा बदलते, काम तेच असतं.

इथे पासपोर्ट नंदामावशीच्या कमरेच्या पाऊचमध्ये आहेत. विमानतळावर मी सवयीने हात पुढे केला तर म्हणाली, 'तुझ्याकडे? हॉस्टेलच्या खोलीची किल्ली हरवण्यात तुझा हात कुणी धरत होतं का?' बाकी दोघींनी माना डोलावल्या. ज्या बाईने तुझी दहावीची गुणपत्रिका अजून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपलीय, तिच्यावर तिच्या सगळ्यांत जुन्या मैत्रिणींचा पासपोर्टपुरताही भरवसा नाही! आणि गंमत बघ, इथे आल्यापासून मी खरोखरच वस्तू हरवायला लागलेय. एक हातमोजा बोडोला राहिला, चष्म्याचं घर ट्रॉम्सोच्या बसमध्ये. मला त्याचं फार वाईटही वाटलेलं नाही. या तिघींनी पाहिलेली मी तुझ्या जन्माच्या आधीची आहे, किल्ल्या हरवणारी, भांडणारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी सिनेमाला जाणारी. ती तुला आणि बाबांना माहीत नाही, कारण तुम्ही भेटलात तेव्हा मी नीट वागायला लागले होते. अधूनमधून तिला भेटायला मला आवडतं, आणि ती या तिघींबरोबरच सापडते.

याच वयात का, हेही लिहिते. तुम्ही म्हणता, रिटायर झाल्यावर आरामात जा. विद्यामावशीचं गेल्या वर्षी काय चाललं होतं ते तुला माहीत आहे. तिचा उपचार संपला, आता दर सहा महिन्यांनी स्कॅन. ही सहल आम्ही दोन स्कॅनच्या मधल्या जागेत बसवलीय. तारखा जहाज कंपनीने नाही, तिच्या डॉक्टरांनी ठरवल्या. माझा गुडघा, शुभदाची साखर, नंदाच्या सासूबाईंचं अंथरूण, प्रत्येकीचं काही ना काही आहेच. सगळ्या जणी एकाच वेळी चालत्याफिरत्या असणं हाच मोठा मुहूर्त, आणि तो पंचांगात येत नाही.

विम्याचं मात्र तिच्यामुळे नीट शिकले, तुझ्या सासूबाईंच्या ग्रुपला सांग. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन या एकच व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवावं लागतं. व्हिसापुरता स्वस्त विमा कुणीही देतं. आधीपासूनचा आजार त्यात धरलाय का, हे बारीक अक्षरात वाचायचं, आणि आजार लपवायचा नाही. एका एजंटने विद्याला 'लिहू नका हो, कोण बघतंय' असा सल्ला दिला. तिने त्याच्यासमोर आपल्या फाइलची पहिली पानं उलगडली आणि विचारलं, 'यातलं कुठलं लिहू नको?' मग दुसरा एजंट शोधला.

आर्क्टिक वृत्त ओलांडतानाचं सांगते. व्हिकिंगेन नावाच्या इवल्याशा बेटावर लोखंडी पृथ्वीगोल उभा केलाय, बोट त्याच्या शेजारून जाते आणि भोंगा वाजवते. (शुभदा: हे वृत्त स्थिर नसतं, पृथ्वीचा कल बदलतो तसं वर्षाला चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतंय. म्हणजे गोल चुकीच्या जागी. नंदा: मग पैसे परत मागू या.) नंतर डेकवर समुद्रदेवाचा वेश केलेला खलाशी येतो आणि इच्छुकांच्या मानेतून पाठीवर पळीभर बर्फ आणि पाणी ओततो. हा यांचा विधी. आम्ही तिघी मागे मागे सरकत होतो, तेवढ्यात विद्या रांगेत पहिली. तिने मफलर काढला, जाकिटाची चेन खाली ओढली, कॉलर मागे केली. गळपट्टीच्या हाडाखाली तिच्या पोर्टची, म्हणजे शिरेतून औषध द्यायला त्वचेखाली बसवतात त्या डबीची, खूण आहे, बोटाच्या पेराएवढी, अजून गुलाबी. खलाशाला ती दिसली असावी. त्याची पळी हवेत थांबली. विद्या त्याला चक्क मराठीत म्हणाली, 'टाक रे, घाबरतोस काय!' त्याने टाकलं. ती अशी काही किंचाळली की शेजारचे जर्मन आजोबा टाळ्या वाजवायला लागले. नंतर आम्हाला पळ काढायची सोयच राहिली नाही. बर्फ पाठीच्या कण्यावरून खाली जाताना काय होतं ते लिहून कळणार नाही. पेला मिळतो वर, त्यात काहीतरी कडक असतं. बाबांना सांगू नकोस.

नॉर्थ केपचं थोडक्यात. हॉनिंग्सवोगला उतरून बसने जायचं, झाड एकही नाही, दगड आणि गवत, मधूनच रेनडिअर रस्ता अडवून उभे. टोकाला ३०७ मीटरचा सरळ कडा आणि त्यावर लोखंडी गोल, त्याखाली फोटोसाठी रांग. १५५३ साली रिचर्ड चान्सलर हा इंग्रज दर्यावर्दी पूर्वेकडे जायची वाट शोधत इथून गेला, त्या सफरीत हे नाव पडलं. सयामचे राजे चुलालोंगकोर्न १९०७ साली येऊन गेले, त्यांनी दगडावर आपली खूण कोरली. आपल्यासारखे उष्ण मुलखातले लोक उगाच इथे येऊन कुडकुडण्याची परंपरा जुनी आहे, हे पाहून धीर आला. आणि हे युरोपाचं उत्तर टोक नाहीच! शेजारचं क्निव्हशेलोदन नावाचं बुटकं भूशिर आणखी थोडं उत्तरेला जातं, पण तिथे चालत जायचे नऊ किलोमीटर आणि तितकेच परत. कडा दिसायला भारदस्त, म्हणून मान त्याला. वारा असा होता की आम्ही चौघी एकमेकींच्या दंडाला धरून उभ्या होतो आणि फोटोत चौघींचेही डोळे मिटलेले आहेत. तो फ्रेम करायचा ठरलंय.

त्यापुढे उघडा समुद्र लागला आणि बोट डोलायला लागली. शुभदा केबिनमध्ये बादली धरून. गोळी डोलायच्या आधी घ्यायची असते, सुरू झाल्यावर फार उपयोग होत नाही. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची घ्यावी, तिथे हेलकावे कमी. वरची खिडकीवाली महाग केबिन घेतलेले लोक त्या रात्री आमच्या मजल्यावरच्या कोचांवर येऊन बसले होते. आणि फोन विमान मोडवर ठेवायचा. किनारा लांब गेला की बोटीचं स्वतःचं नेटवर्क पकडलं जातं आणि मग बिल बघून समुद्र लागल्यासारखं होतं.

वार्दोबद्दल मात्र मला नीट लिहायचंय. परतीच्या वाटेवर बोट तिथे थोडाच वेळ थांबते. नंदा म्हणाली, कशाला धावपळ. विद्याने आधी वाचून ठेवलं होतं, ती निघाली, म्हणून आम्ही निघालो. गाव ओलांडून समुद्राकडे गेलं की गवतात लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाची एक लांबच लांब वास्तू दिसते. आत अरुंद, काळा, लांबलचक बोळ. भिंतीत ९१ लहान खिडक्या आणि प्रत्येक खिडकीशी एक दिवा. सतराव्या शतकात या भागात चेटूक केल्याच्या आरोपावरून मारल्या गेलेल्या ९१ माणसांचं हे स्मारक आहे. बहुतेक बायका. १६१७ साली नाताळच्या आदल्या दिवशी अचानक वादळ झालं, मासेमारीला गेलेले चाळीस पुरुष बुडाले. पुढे आरोप झाला की बायकांनी एकत्र जमून ते वादळ उठवलं. प्रत्येक खिडकीजवळ त्या त्या माणसाचं नाव आणि खटल्याच्या कागदांत काय लिहिलं होतं ते आहे. छळाखाली एकीने दुसरीचं नाव घेतलं, दुसरीने तिसरीचं. हे असं वाचत वाचत पुढे सरकायचं, बाहेरचा वारा कापड हलवत असतो आणि दिवे हलके डुलतात.

नंदाने सवयीने विनोद केला, 'आपण तेव्हा असतो तर पहिल्या आपणच.' कुणी हसलं नाही, तीही नाही. चार बायका एकत्र जमून काय बोलत असतील, एवढ्यावरून माणसं मेली. मला उगाच वाटलं, एकीने दुसरीचं नाव घेतलं असेल तेव्हा त्या आधी मैत्रिणी असतील का? असणारच, एवढंसं गाव. शेजारच्या काळ्या काचेच्या खोलीत लुईस बुर्जुआ या शिल्पकर्तीची खुर्ची आहे, तिच्यातून खऱ्या ज्वाळा निघतात आणि वरचे लंबगोल आरसे त्या ज्वाळांकडे वाकून बघतात. आम्हाला तिथे जेमतेम पाच मिनिटं मिळाली. परत येताना कुणी बोललं नाही, विद्या माझ्या गुडघ्यासाठी हळू चालत होती आणि तसं दाखवत नव्हती.

सगळं गोडगोड चाललंय असं समजू नकोस. शुभदा घोरते. ती आणि मी एका केबिनमध्ये, बिछाना दिवसा दुमडून सोफा होतो आणि तो उलगडताना माझं बोट चेमटलं, त्यावरून आमचं भांडण झालं. कॉन्ट्रीचा नियम असा, की क्रोनचं रुपयांत गणित मनात करायचं, तोंडाने केलं तर त्या दिवशीची कॉफी तिने पाजायची. नंदाने आतापर्यंत सर्वांत जास्त पाजल्यात. त्रोनहाइमला विद्याला कॅथेड्रल बघायचं होतं आणि नंदाला दुकानं, तर दोघी दोन तास वेगवेगळ्या फिरल्या आणि बोटीवर येऊन काहीच झालं नाही अशा जेवल्या. नात्यातल्या माणसांबरोबर हेच झालं असतं तर दिवाळीपर्यंत पुरलं असतं. म्हणून मला तुझी थोडी काळजी वाटते. तुझा तो कॉलेजचा ग्रुप आता वाढदिवसाच्या मेसेजपुरता उरलाय, असं सायली म्हणत होती. एखाद्याला नुसता फोन कर, काम नसताना.

थोड्या वेळात स्टोकमार्कनेस येईल. तिथे जुनी बोट अख्खीच्या अख्खी म्युझियम म्हणून ठेवलीय, ती बघायला उतरायचंय. नंदा हाक मारतेय, हिशेब जुळत नाही म्हणून. तिचा कधीच जुळत नाही.

सायलीला आशीर्वाद. बाबांकडे जाऊन ये एकदा, ते फोनवर सगळं ठीक म्हणतात.

तुझी,
आई

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं, बरंच झालं. आज सकाळी पुन्हा आर्क्टिक वृत्त ओलांडलं, या वेळी दक्षिणेकडे. परतीचा विधी म्हणजे चमचाभर कॉडमाशाच्या यकृताचं तेल, चमचा आपल्याला ठेवायला. शुभदा शुद्ध शाकाहारी, तिला चमचा हवा होता पण तेल नको. तिचं तेल नंदाने प्यायलं, स्वतःचंही प्यायलं, आणि म्हणाली, दोन्ही मिळून तुमच्या बोटीची किंमत वसूल. लोफोटनच्या किनाऱ्यावर मासे वाळवायचे लाकडी मांडव आता रिकामे आहेत. फेब्रुवारी ते मे ते भरलेले असतात आणि म्हणे गावभर वास. नंदाला तोही बघायचा होता. पुढची तारीख विद्याच्या स्कॅननंतर ठरेल. नंदाला अलास्का हवंय, मोठ्या जहाजाने, कॅसिनोसकट, आणि या वेळी मत तिला द्यायचं आम्ही तिघींनी तिच्या नकळत ठरवलंय. तू तिला बोलू नकोस.